हरलेल्या कार्यकर्त्याच्या दारात कोण जाते?

कोल्हापूरच्या बिंदू चौकात १४ एप्रिलला किंवा ६ डिसेंबरला आपली माणसे जमतात, तेव्हा कोण आले यापेक्षा कोण आले नाही याचीच चर्चा जास्त होते. काही वर्षांपूर्वी अशाच एका अभिवादनाच्या दिवशी जिल्ह्यातल्या एका गावच्या ताई दिसल्या नाहीत. दरवर्षी गाडी करून पन्नासभर बायाबापड्या घेऊन येणारी ही बाई. अनुसूचित जातीसाठी राखीव असलेल्या जागेवर सरपंच झालेली. कोणीतरी सांगितले, त्यांच्यावर अविश्वास ठराव आला आणि मंजूरही झाला. कोणीतरी हळहळले, कोणी म्हणाले, "त्या गावात हे होणारच होते." मग सगळे चहा प्यायला गेले. आम्हीही गेलो.

ही कबुली आधी देऊन टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहोत त्यात दोष दुसऱ्यांच्या पदरात टाकून मोकळे होण्याचा आमचा इरादा नाही.

ताईंच्या घरी आम्ही गेलो तेव्हा तीन महिने उलटले होते. त्यांचा गुन्हा एवढाच की ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला मागासवर्गीयांसाठीचा १५ टक्के निधी गेल्या काही वर्षांत कुठे खर्च झाला, याची वही त्यांनी मासिक सभेत मागितली. वही आली नाही, ठराव आला. आम्ही विचारले, "ताई, चौकात का आला नाहीत?" त्या म्हणाल्या, "काय तोंड घिऊन यायचं वो साहेब? वस्तीनं निवडून दिलं, आन् मी खुर्ची घालवून बसलो." तीन महिने त्या दाराबाहेर निघाल्या नव्हत्या. पिठाच्या गिरणीलासुद्धा त्यांचा मुलगाच जायचा.

आम्ही कागदपत्रे बघायला मागितली. ठरावाची नोटीस, सभेचे इतिवृत्त, तहसीलदारांचे पत्र. नोटिशीत आणि इतिवृत्तात भांडण्यासारखे बरेच काही होते. पण ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे अशा ठरावाच्या वैधतेबद्दल जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागायची मुदत सात दिवसांची आहे. सात दिवस! आणि ताई लाजेने घरात बसल्या होत्या त्याला नव्वद दिवस झाले होते. ठराव आणणाऱ्यांनी त्यांना जेवढे हरवले नाही तेवढे त्या सात दिवसांनी हरवले. आणि त्या सात दिवसांत त्यांच्या दारात समाजाचे, चळवळीचे, संघटनेचे एकही माणूस गेले नव्हते.

हल्ली व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरे गावोगाव भरतात. आमच्या तरुणांच्याही हातात यशाच्या मंत्रांची पुस्तके दिसतात. पराभवाने खचू नका, हसत राहा, नेत्याने आपली कमजोरी कोणाला दाखवू नये, असे त्यांत लिहिलेले असते. ज्यांनी ही पुस्तके लिहिली त्यांचा पराभव म्हणजे धंद्यात खोट आली किंवा बढती हुकली. आमच्या माणसाला वहीची मागणी केली म्हणून खुर्चीवरून खाली ओढतात, तेव्हा त्याने आरशापुढे उभे राहून हसायचे म्हणजे नेमके काय करायचे? शिवाय या उपदेशातला सर्वांत घातक भाग म्हणजे नेत्याने दगड व्हावे ही शिकवण. ती आम्हाला मान्य नाही, कारण आमचा जो सर्वांत मोठा नेता होता, तो दगड नव्हता. याचा लेखी पुरावा याच कोल्हापूरच्या माणसाच्या नावे लिहिलेल्या एका पत्रात आहे.

दत्तोबा पवार हे नाव आज किती तरुणांना ठाऊक आहे? कोल्हापूरचे चर्मकार समाजातले हे पुढारी. राजर्षी शाहू महाराज आणि बाबासाहेब यांची गाठ घालून देण्यात त्यांचा मोठा वाटा. १९२६ च्या जुलै महिन्यात बाबासाहेबांचा लाडका मुलगा राजरत्न गेला. त्याआधी गंगाधर, रमेश आणि मुलगी इंदू ही लेकरे गेलीच होती. पाच मुलांपैकी एकटा यशवंत उरला. १६ ऑगस्ट १९२६ रोजी बाबासाहेबांनी दत्तोबांना पत्र लिहिले. त्यात ते सांगतात की मुलाच्या मृत्यूच्या धक्क्यातून आपण आणि पत्नी सावरलो आहोत असे म्हणणे खोटे ठरेल, आणि यातून आपण कधी सावरू असे वाटतही नाही. चार मुले पुरल्याचे ते लिहितात, आता आयुष्य तण माजलेल्या बागेसारखे झाले आहे असे लिहितात, आणि पुढे लिहवत नाही म्हणून थांबतात.

हे लिहिणारा माणूस तेव्हा ३५ वर्षांचा होता. बॅरिस्टर होता, बहिष्कृत हितकारिणी सभेचा संस्थापक होता, हजारो लोक ज्याच्याकडे डोळे लावून बसले होते असा नेता होता. त्याने आपले तुटलेपण लपवले नाही. जाहीर सभेत मांडले नाही, वर्तमानपत्रात छापले नाही, पण ज्याच्यावर विश्वास होता त्या सहकाऱ्याला सरळ लिहिले. आणि पत्र लिहिल्यावर जेमतेम सात महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, हाच माणूस महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरत होता. दुःख विसरून गेला म्हणून नव्हे. विसरणार नाही हे तर त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिले होते.

आमचे म्हणणे असे की महाडचा इतिहास सांगताना या पत्राचाही उल्लेख झाला पाहिजे. नेत्याला दत्तोबा लागतो. ज्या नेत्याच्या भोवती फक्त हार घालणारे आणि घोषणा देणारे आहेत, त्याला रात्री पत्र लिहायला माणूस नसतो. असा नेता पडला की एक तर आजारी पडतो, नाही तर दुसऱ्या पक्षाच्या दारात जाऊन उभा राहतो.

बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या पराभवांची यादी करायची तर हा स्तंभ पुरणार नाही, आणि यादी करण्यात अर्थही नाही. पण काही प्रसंग मुद्दाम वेगळे काढून बघण्यासारखे आहेत. १९१७ साली परदेशातून परत येताना त्यांची पुस्तके ज्या बोटीवर होती ती युद्धात बुडवली गेली. त्याच वर्षी करारानुसार ते बडोद्यात नोकरीला गेले. शिपाई फायली लांबून टाकत. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले, आणि शहरात कुठेही जागा न मिळाल्याने हा कोलंबियात शिकलेला माणूस बागेत बसून रडला व मुंबईला परतला. मुंबईत शेअरबाजाराविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक आटले.

गिऱ्हाईक आटणे! कोल्हापूरकरांना इथे दुसरी एक गोष्ट आठवली पाहिजे. गंगाराम कांबळे यांची. संस्थानच्या पागेत नोकरी करणाऱ्या गंगारामांनी सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठी पैसे दिले. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले. पण महाराच्या हातचा चहा कोण पिणार? हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, गिऱ्हाईक नाही. आजचा एखादा मार्गदर्शक असता तर त्याने गंगारामांना धंद्यात चिकाटी कशी ठेवावी यावर तासभर व्याख्यान दिले असते. शाहू महाराजांनी व्याख्यान दिले नाही. ते आपली गाडी हॉटेलसमोर थांबवू लागले. स्वतः चहा मागवून पिऊ लागले, आणि सोबतच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजू लागले. राजाने प्यायलेला चहा नाकारायची हिंमत कोणात होती? पुढे महाराज गेल्यानंतर १९२५ साली कोल्हापुरात त्यांचे पहिले स्मारक उभारले ते याच गंगाराम कांबळे यांनी. संस्थानातल्या बड्या मानकऱ्यांच्या आधी. हाताखालच्या माणसावर संकट आले तर नेत्याने काय करावे, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही. नेता त्याच्या दारात गेला, आणि जाताना चार वजनदार माणसे बरोबर घेऊन गेला.

आणि हे करणारे महाराज स्वतः सुखात होते काय? १२ जून १९१८ रोजी त्यांचा तरुण मुलगा, राजपुत्र शिवाजी, डुकराच्या शिकारीत अपघाताने गेला. घरात कोवळ्या वयातली विधवा सून. रूढीप्रमाणे तिला पडद्याआड कोंडले असते तर कोणी बोट दाखवले नसते. महाराजांनी त्या सुनेच्या, इंदुमतीदेवींच्या, शिक्षणाची व्यवस्था केली. १९१९ साली संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला. २१ व २२ मार्च १९२० रोजी हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात परिषद झाली, तिथे जाऊन त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. स्वतःचा तरुण मुलगा गमावलेल्या राजाने दोन वर्षांत दुसऱ्या समाजाच्या हाती त्यांचा नेता दिला! आम्ही हा योगायोग मानत नाही, पण यावर फार भाष्यही करत नाही. ज्याने त्याने समजून घ्यावे.

वेदोक्ताचे प्रकरण तर सर्वांना ठाऊक आहे. १८९९ मध्ये पंचगंगेच्या घाटावर छत्रपतींना शूद्र ठरवून पुराणोक्त मंत्र म्हटले गेले. अपमान एका माणसाचा झाला होता, आणि तो मिटवून घेण्याचे मार्गही होते. राजे लोक असे अपमान नजराणे देऊन मिटवत आले आहेत. महाराज भांडले ते भांडलेच, पण २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूमही त्यांनी काढला. अपमानाचा हिशेब त्यांनी फक्त स्वतःपुरता केला नाही. आणि जी कामे त्यांच्या हयातीत पुरी होणार नव्हती ती सोडून दिली असेही नाही. राधानगरीचे धरण ते गेले तेव्हा अर्धवट होते. आज त्याच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे, हा प्रश्न वेगळा.

आता जरा आपल्या लोकांना न आवडणारे बोलतो. प्रत्येक अपयशामागे मनुवाद आहे असे म्हणण्याची एक सवय आपल्या काही कार्यकर्त्यांना लागली आहे. ताईंच्या बाबतीत ते खरे आहे, गंगारामांच्या बाबतीत खरे आहे, बडोद्याच्या बाबतीत खरे आहे. पण वर्गणीचा हिशेब न दिल्यामुळे मंडळ फुटले, अभ्यास न केल्यामुळे परीक्षा हुकली, सहा महिने मतदारयादी न बघितल्यामुळे प्रभाग गेला, यांचाही दोष मनूवर टाकायचा काय? बाबासाहेबांचा लंडनचा प्रबंध, रुपयाच्या प्रश्नावरचा, १९२३ साली परीक्षकांनी परत लिहायला सांगितला. त्यात ब्रिटिश राज्याच्या चलन धोरणावर टीका होती आणि ती परीक्षकांना झोंबली हे उघड आहे. अन्याय झाला म्हणून ते बसून राहू शकले असते. खिशात पैसे नव्हते, शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी निधन पावले होते, मूकनायक १९२३ मध्ये बंद पडले. ते मुंबईला आले, प्रबंध पुन्हा लिहून पाठवला, आणि त्याच वर्षी डी.एस्सी. पदवी घेतली. निष्कर्ष बदलले नाहीत, मांडणी बदलली. कुठे वाकायचे आणि कुठे नाही, हे पराभवानंतर थंड डोक्याने ठरवावे लागते. आणि डोके थंड व्हायला कोणीतरी शेजारी बसावे लागते, हा आमचा मुद्दा पुन्हा तिथेच येतो.

माघार घेण्याचेही तसेच आहे. माघार म्हणजे गद्दारी असे आपल्याकडे पटकन बोलले जाते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला हजारो लोक दुसऱ्या सत्याग्रहासाठी नावे देऊन बसले होते, तुरुंगात जायला तयार होते. विरोधकांनी न्यायालयातून मनाई हुकूम आणला. सभेचा कौल सत्याग्रह करावा असाच होता. बाबासाहेबांनी त्या पेटलेल्या लोकांना समजावले आणि सत्याग्रह तहकूब केला. त्या रात्री त्यांना किती बोल ऐकावे लागले असतील! पण न्यायालयातली लढाई त्यांनी सोडली नाही. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला, तळे सर्वांचे ठरले. दहा वर्षे लागली. उच्च न्यायालयाचे खंडपीठ मिळावे म्हणून चार दशके आंदोलने केलेल्या आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजी सर्किट बेंचचे काम सुरू झालेले पाहिलेल्या कोल्हापूरकरांना दहा वर्षांचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आणि निवडणुकीतला पराभव? बिंदू चौकातला बाबासाहेबांचा पुतळा भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी उभा राहिला, महात्मा फुल्यांच्या पुतळ्यासोबत. बाबासाहेब तेव्हा हयात होते, देशाचे कायदेमंत्री होते. पुढच्या वर्षी, २७ सप्टेंबर १९५१ रोजी, त्यांनी हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडले, आणि पुतळ्याला जेमतेम १३ महिने होतात तोच जानेवारी १९५२ मध्ये उत्तर मुंबईतून ते लोकसभेची निवडणूक हरले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर सुमारे १५ हजार मतांनी निवडून आले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही पराभवच झाला. जिवंतपणी ज्याचा पुतळा झाला त्यालाही मते मिळाली नाहीत, ही गोष्ट आमच्या वाढदिवसाच्या फलकांवर झळकणाऱ्या नेत्यांनी रोज एकदा आठवावी. बाबासाहेबांनी हरल्यावर पक्ष बदलला नाही. राज्यसभेत बसून बोलत राहिले. दृष्टी अधू झालेली, पाय साथ देत नसलेले, तशा शरीराने बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ लिहीत राहिले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जे केले ते करायला त्यांना कोणत्या मतदारसंघाची गरज पडली नाही.

त्यांच्या मागे रिपब्लिकन पक्षाचे जे झाले त्यावर आम्ही पूर्वी पुष्कळ लिहिले आहे. आज एवढेच म्हणतो, की फुटीच्या प्रत्येक कहाणीत कुठेतरी एक हरलेला माणूस आहे, ज्याच्या घरी निकालाच्या रात्री आपल्यातले कोणी गेले नव्हते. दुसरे गेले होते. ते मिठाई घेऊन गेले नव्हते, नुसते जाऊन बसले होते. पुढचे आपल्याला माहीत आहे.

कार्यालयांतही हेच चालले आहे. आमच्या एका परिचित कर्मचाऱ्याची पदोन्नती गोपनीय अहवालातल्या एका शेऱ्यावरून अडली. तो त्याच कार्यालयातल्या मागासवर्गीय संघटनेचा पदाधिकारी. दुसऱ्यांचे अर्ज लिहून देणारा माणूस, पण स्वतःचा अर्ज त्याने वर्षभर लिहिला नाही. का? तर "लोक म्हणतील, पुढाऱ्याचेच काम होत नाही." पुढारी झाला म्हणून तो माणूस राहिला नाही काय? संघटनेतल्या एकालाही हे विचारावेसे वाटले नाही.

ताईंच्या घरून परतल्यावर आम्ही काही जणांनी बसून एक साधी पद्धत ठरवली. संस्था नाही, नाव नाही, लेटरहेड नाही, कारण लेटरहेड छापले की अध्यक्ष कोण यावर भांडण लागते. जिल्ह्यात आपल्या कोणा सरपंचावर, सदस्यावर, कर्मचाऱ्यावर, शिक्षकावर असे काही आले असे कळले, की दोन दिवसांच्या आत दोघांनी त्याच्या घरी जायचे. एकाने त्याच्याशी बोलायचे, आणि बोलायचे म्हणजे ऐकायचे. दुसऱ्याने कागद बघायचे. उपदेश करायचा नाही. बाबासाहेबांनी काय काय सोसले याची यादीही त्या घरात वाचायची नाही. पडलेल्या माणसाला ती ऐकवली की त्याला आपले दुःख आणखी खुजे आणि लाजिरवाणे वाटू लागते. आम्ही ती इथे लिहिली, ती जाणाऱ्यांसाठी.

पहिल्या वर्षी आमचे दोनदा चुकले. एकदा उशीर झाला, एकदा चुकीच्या माणसाला बरोबर नेले. तरी काम सुरू आहे.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस भुदरगडकडच्या एका गावातून निरोप आला. तिथल्या सरपंचावरही ठरावाची नोटीस निघाली होती. रात्री आठ वाजले होते, पाऊस थांबत नव्हता. आम्ही जीप घेऊन निघालो आणि वाटेत ताईंना घेतले. त्या आता दर सोमवारी पंचायत समितीत दिसतात, १५ टक्क्यांची ती वही त्यांनी माहितीच्या अधिकारात मिळवली आहे. आम्ही त्या सरपंचाच्या घरी पोचलो तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता, घरातली माणसे गप्प. त्याच्या आईने चहाचे आधण ठेवले. आम्ही काय बोलावे याची जुळवाजुळव करत होतो, तोवर ताई त्याच्यासमोर मांडी घालून बसल्या, ओला पदर खांद्यावर सारला आणि म्हणाल्या, "भावा, रडायचं आसंल तर रड, मीबी लई रडलोय. पर आदी सांग, नोटीस कुठल्या तारखेची हाय?"